पुरंदर ते शनिवारवाडा : सवाई माधवरावांच्या पालकत्वाचा पुनर्विचार

प्रस्तावना

सवाई माधवराव पेशवे यांचा मृत्यू हा मराठ्यांच्या इतिहासातील एक वादग्रस्त विषय आहे. विजयादशमीनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून ते खाली कारंज्यावर पडले आणि २७ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे साडेएकवीस वर्षांचे होते. सात महिन्यांपूर्वी खर्ड्याच्या रणांगणावर निजामाचा पराभव करून परतलेल्या राज्याचा तरुण प्रमुख असा अचानक नाहीसा झाला, आणि त्यानंतर तेवीस वर्षांच्या आत ते राज्यही राहिले नाही.

हा मृत्यू अपघाती होता की ती आत्महत्या होती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात पेशव्यांनी खिन्नतेच्या भरात स्वतःला झोकून दिले असे नमूद आहे. नाना फडणीसांविषयी आदर बाळगणाऱ्या मराठी लेखकांनी ज्वर आणि त्यातून उद्भवलेला वात यांवर भर दिला. दोन्ही पक्षांचे लेखन बारकाईने पाहिल्यास असे जाणवते की, वाद वरकरणी पेशव्यांच्या मृत्यूचा असला तरी प्रत्यक्षात तो नानांच्या दोषादोषाचा आहे. आत्महत्या मानली की नाना दोषी ठरतात. ज्वर मानला की ते सुटतात. मरण पावलेला तरुण मात्र या खटल्यात केवळ पुराव्याचा एक जिन्नस होऊन राहतो.

प्रस्तुत लेखात हा निवाडा करण्याचा प्रयत्न केलेला नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका रुग्णाच्या मनाचे निदान आज करू जाणे धाडसाचे ठरेल. मात्र त्या मनाभोवती एकवीस वर्षे जी व्यवस्था उभी होती, ती कशासाठी निर्माण झाली, तिची गरज केव्हा संपली आणि गरज संपल्यावरही ती का टिकली, हे तपासता येते. नानांचे या मुलावर प्रेम नव्हते, त्यांना फक्त सत्ता हवी होती, असे मानले तर प्रश्न सोपा होतो. ते प्रेम खरे होते असे मानले, आणि तसे मानण्यास भरपूर आधार आहे, तरच तो अवघड होतो.

भयाची पार्श्वभूमी

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात भरदिवसा गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पेशव्यांचे चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात होते आणि जीव वाचविण्यासाठी पुतण्याने धाव घेतली ती त्यांच्याकडेच. रामशास्त्री प्रभुणे यांच्या चौकशीतून रघुनाथरावांचा संबंध उघड झाला. या घटनेने पुण्याच्या कारभारी मंडळींना एक धडा दिला : पेशव्याला खरा धोका शत्रूच्या छावणीतून नसून घरातून, नोकरचाकरांतून, आप्तांच्या दालनातून आहे. पुढील वीस वर्षे नानांनी जे काही केले त्याच्या मुळाशी हा धडा आहे.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. बारभाईंनी जानेवारी १७७४ मध्ये त्यांना पुरंदर किल्ल्यावर नेले. पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्यांच्या सोबतीस होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी गडावर मुलाचा जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशी, २८ मे रोजी, त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावांच्या पक्षाने हे मूल गंगाबाईंचे नव्हेच, बदललेले आहे, अशी आवई उठविली. म्हणजे या बाळाच्या जिवाइतकेच त्याचे अस्तित्वही जपावे लागणार होते. ते पाळण्यात होते तोवरच त्याच्या नावावर युद्ध सुरू झाले : मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि पुढची सात वर्षे राज्याची शक्ती त्या एका प्रश्नावर खर्ची पडली.

या काळात पहारा ढिला करणे हा गुन्हा ठरला असता. १७७६ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने कोकणात मोठे बंड उभारले. १७७८ मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबादादा फडणीस यांनी पुण्याचा कारभार काही काळ आपल्या हाती घेतला. बारभाईंतील ज्येष्ठ मुत्सद्दी सखारामबापू बोकील यांच्यावरही अखेर कैदेची पाळी आली व रायगडावर त्यांचा अंत झाला. ज्यांच्यासह नानांनी या बालकाचे रक्षण आरंभिले होते, ते एकेक करून संशयित ठरत गेले किंवा काळाच्या पडद्याआड गेले. गंगाबाई १७७७ मध्ये वारल्या. पार्वतीबाई १७८३ मध्ये गेल्या. पितामही गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूर येथे वानप्रस्थासारखे जीवन कंठीत होत्या. तेथून त्यांनी नातवाला दिनचर्येविषयी लिहिलेले उपदेशपर पत्र प्रसिद्ध आहे. पण आजीचा सहवास आणि आजीचे पत्र यांत अंतर असते. तीन वर्षांच्या वयात आई गमावलेल्या, जन्मापूर्वीच वडील गमावलेल्या या मुलाच्या निकट कायम राहिलेली व्यक्ती एकच : नाना.

पालकाचे अंतरंग

नानांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. १७४२ मध्ये जन्मलेल्या नानांचे पितृछत्र कोवळ्या वयातच हरपले. एकोणिसाव्या वर्षी ते पानिपतावरून कसाबसा जीव वाचवून परतले. आई त्या धुमाळीत कायमची दुरावली. तरुणपणी लिहिलेल्या आपल्या आत्मवृत्तात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. राजकारणातील पुरुषाने स्वतःच्या भित्रेपणाविषयी, पापभीरूपणाविषयी आणि देवावरील भिस्तीविषयी इतक्या उघडपणे लिहावे, ही गोष्ट त्या काळी विरळाच. पुढे त्यांची अनेक लग्ने झाली, परंतु एकही अपत्य जगले नाही. अशा माणसाच्या हाती, ज्याच्या बापाचा खून झाला आहे असे एक तान्हे मूल आणि एक राज्य ही दोन्ही एकाच वेळी आली. या दोहोंची काळजी त्यांच्या मनात पुढे कधीही वेगळी झाली नाही.

फेब्रुवारी १७८३ मध्ये पेशव्यांचा विवाह थत्ते घराण्यातील रमाबाईंशी झाला. या लग्नाच्या बंदोबस्ताची नानांनी केलेली याद मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. कोणाला कोठे उतरवावे, पंक्ती कशा मांडाव्यात, वाढप्यांनी कसे वागावे, येथपर्यंतचे तपशील तीत आहेत. सुबक प्रशासनाचा नमुना म्हणून ती वाचली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तीच याद दुसऱ्या अंगानेही वाचता येते. काहीही आपोआप घडू नये, कोणतीही गोष्ट कोणाच्या मर्जीवर सोडू नये, सर्व शक्यता आधीच कागदावर बंद कराव्यात, अशी ती मनोवृत्ती आहे. लग्नसमारंभात ही वृत्ती शोभते. एखाद्याचे संपूर्ण आयुष्य तिच्यानुसार आखले जाऊ लागले की काय होते, हे पुढील दशकाने दाखविले.

गरज संपली तेव्हा

या संपूर्ण कथेतील निर्णायक वर्षे १७८२ व १७८३ ही आहेत. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला आणि डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगाव येथे रघुनाथरावांचा मृत्यू झाला. ज्या भीतीपोटी पुरंदरावर पहारे बसले ती भीती येथे बव्हंशी संपली. पेशवे तेव्हा नऊ वर्षांचे होते. येथून पुढे हळूहळू दारे उघडत गेली असती, तर पालकत्वाचा हा प्रयोग मराठ्यांच्या इतिहासातील एक उज्ज्वल प्रकरण ठरला असता.

तसे घडले नाही. रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई आणि मुले नजरकैदेतच राहिली. पेशव्यांच्या भेटीस कोणी यावे, त्यांच्या सेवेत कोण असावे, कोणते पत्र त्यांच्या हाती पडावे, हे नानांच्या संमतीने ठरत राहिले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सवाई माधवराव एकांतात नव्हते. एकांत तर त्यांना बहुधा कधी मिळालाच नाही. शनिवारवाडा माणसांनी गजबजलेला होता. पण त्या गर्दीत स्वतः निवडलेले माणूस नव्हते. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ च्या सुमारास पुण्यात रेखाटलेले, आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत असलेले चित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. रत्नालंकारांनी मढलेले तरुण पेशवे, शेजारी साध्या पांढऱ्या वेषातील नाना, भोवती सेवक. चित्रकाराला दरबारी शिष्टाचार दाखवायचा होता. त्यातून अधिक अर्थ काढणे कदाचित अन्यायाचे होईल. तरीही या पेशव्यांची प्रतिमा आठवताना शेजारी बसलेले नाना वगळता येत नाहीत, हे खरे.

पेशव्यांची आवड कशात होती, याचे काही धागे उपलब्ध आहेत. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने तेथील माणसाळविलेल्या काळविटांचे वर्णन केले आहे : गाण्याबजावण्याच्या सुरांनी ती रानातून जवळ येत आणि झोपाळ्यावर निर्धास्त झुलत. चित्रकलेविषयीही पेशव्यांना आस्था होती; वेल्सच्या देखरेखीखाली वाड्यात चित्रशाळा चालली आणि तेथे गंगाराम तांबट यांच्यासारखा गुणी कलावंत तयार झाला. चित्रे आणि प्राणी या दोन्ही छंदांना परवानगी मिळाली, कारण दोन्हींत राजकारण नव्हते. कारभारात मात्र त्यांना वाव मिळाला नाही. थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि थोड्याच काळात चुलत्याचा अंकुश झुगारून त्यांनी कारभार स्वतःकडे घेतला. त्यांच्याच नावापुढे ‘सवाई’ जोडून ज्याचे नामकरण झाले, तो पुतण्या अठरा वर्षांचा झाला, एकोणीस वर्षांचा झाला, तरी कारभार सोपविण्याचा दिवस ठरला नाही. मराठी राज्यव्यवस्थेत अज्ञान पेशव्याच्या वतीने कारभार पाहण्याची सोय होती, परंतु तो कारभार केव्हा संपतो याचा नियम नव्हता. धनी कर्तृत्ववान असेल तर तो पालकत्व झुगारून देई. ज्याला झुगारण्याची सवयच लागू दिली नाही, त्याच्यासाठी कोणतीही तरतूद नव्हती.

एक झरोका

जून १७९२ मध्ये महादजी शिंदे बारा वर्षांच्या उत्तरेतील कारकिर्दीनंतर पुण्यास आले. २२ जून रोजी मोठ्या समारंभात त्यांनी पेशव्यांना बादशाही वकील-इ-मुतलकीची वस्त्रे अर्पण केली. धन्याच्या पायांतील जोडे उचलण्याचा आपला वडिलोपार्जित मान त्यांनी त्या ऐश्वर्यातही मिरविला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पाटीलबाबांच्या या नम्रतेत राजकारण किती आणि निष्ठा किती, यावर मतभेद असू शकतात. पेशव्यांना मात्र त्यांच्या सहवासाचा लळा लागला. शिकार, सहली, मोकळे बोलणे यांचा अनुभव त्यांना बहुधा प्रथमच येत होता. नानांना हे रुचले नाही. त्यांच्या नाराजीमागे सत्तास्पर्धा होती हे उघड आहे. परंतु पोराच्या मनावर दुसऱ्याचा अधिकार चालू लागल्याची वेदनाही तीत असावी, असे मानण्यास जागा आहे. या दोन भावना तेव्हा नानांना तरी वेगळ्या ओळखता आल्या असतील का, हा प्रश्नच आहे.

हा झरोकाही लवकर बंद झाला. जानेवारी १७९३ मध्ये रमाबाई वारल्या. त्याच वर्षी गोखले घराण्यातील यशोदाबाईंशी पेशव्यांचा दुसरा विवाह झाला. त्या वयाने लहान होत्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे महादजींचे निधन झाले. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. रामशास्त्री १७८९ मध्येच निवर्तले होते. नानांना बरोबरीच्या नात्याने चार शब्द सुनावू शकतील अशी माणसे आता पुण्यात उरली नव्हती. पालक आणि पाल्य, दोघेही एकाच वेळी एकटे पडले. मार्च १७९५ मधील खर्ड्याच्या विजयाने नानांची प्रतिष्ठा शिखराला पोहोचली. त्या विजयातही पेशवे खिन्न दिसले, अशी हकीकत ग्रँट डफ देतो. ती नंतरच्या घटनांच्या छायेत रचली गेली असणे अशक्य नाही, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये.

जुन्नरची पत्रे

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर रघुनाथरावांच्या मुलांना १७९४ मध्ये जुन्नरच्या बाजूस हलवून शिवनेरीच्या परिसरात बंदोबस्तात ठेवण्यात आले होते. थोरला औरस पुत्र बाजीराव पेशव्यांहून नऊ महिन्यांनी लहान होता. त्याचे देखणेपण, पाठांतर आणि गोड बोलणे यांची वार्ता पुण्यात पोहोचली आणि पेशव्यांना या चुलत्याविषयी ओढ वाटू लागली. नात्याने चुलता, वयाने सवंगडी. नानांनी त्यांना बाजीरावाच्या कपटीपणाविषयी सावध केले. ओढ त्यामुळे वाढली असल्यास नवल नाही. बळवंतराव नागनाथ या रक्षकाच्या मध्यस्थीने दोघांमध्ये गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. आपण उभयताही बंदिवासातच आहोत, एक पुण्यात आणि दुसरा जुन्नरात, अशा आशयाचा मजकूर बाजीरावाकडून आल्याचे ग्रँट डफ सांगतो. ते शब्द जसेच्या तसे असोत वा नसोत, त्यांतील भाव पेशव्यांच्या मनाला नेमका भिडला असणार.

पत्रव्यवहार उघडकीस आला. बळवंतरावास कैद करून किल्ल्यावर पाठविण्यात आले, बाजीरावावरील पहारे कडक झाले आणि पेशव्यांना नानांचे कठोर बोल ऐकावे लागले. नानांच्या दृष्टीने विचार केल्यास त्यांचा संताप समजू शकतो. ज्याच्या बापाने या मुलाच्या बापाचा जीव घेतला, त्याच्याशीच हा मुलगा चोरून मैत्री करीत होता. १७७३ चा भाद्रपद नानांच्या डोळ्यांसमोरून गेला नसेल असे म्हणवत नाही. शिवाय बाजीरावाविषयीचा त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. पुढील इतिहासाने तो अक्षरशः खरा ठरविला. दुर्दैव असे की, नाना बाजीरावाविषयी जितके अचूक होते तितकेच ते सवाई माधवरावांविषयी चुकत होते. पेशव्यांना या पत्रांतून राज्य हवे नव्हते. आपल्या वयाचा, आपल्या रक्ताचा, पालकाने न निवडलेला एक माणूस हवा होता. एकवीस वर्षांत प्रथमच त्यांनी स्वतः होऊन काही मागितले, आणि त्याला उत्तर म्हणून आणखी पहारे आले.

यानंतर पेशवे उदास राहू लागले, असे दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस ज्वराने गाठले. अंगात कसर असतानाही २२ ऑक्टोबरला दसऱ्याची स्वारी आणि दरबार पार पडला, कारण पेशव्याने लोकांस दिसणे आवश्यक होते. तिसऱ्या दिवशी तो प्रसंग घडला. वाताच्या झटक्यात भान हरपले असेल, किंवा भान असतानाच निराशेने घेरले असेल. रोग्याच्या मनात या दोन अवस्थांमध्ये नेहमीच स्पष्ट भिंत असते असेही नाही. ज्याच्या श्वासोच्छ्वासाचीही नोंद ठेवली जात असावी असे वाटावे, अशा वाड्यात ज्वराने ग्रासलेला रुग्ण खिडकीपर्यंत एकटा पोहोचला, ही बाब मात्र कोणत्याही पक्षाला नाकारता आलेली नाही. पहारा बाहेरच्या शत्रूसाठी होता. आतून काही घडेल, अशी कल्पना त्या व्यवस्थेत कोठेच नव्हती.

मृत्युसमयी आपल्यामागे बाजीरावास गादीवर बसवावे, अशी इच्छा पेशव्यांनी व्यक्त केल्याचे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृ. प्र. खाडिलकरांनी या विषयावर नाटक लिहिले तेव्हा त्यांच्या पेशव्यांवर हॅम्लेटची छाया पडली आणि कारस्थानी केशवशास्त्र्याच्या रूपाने इयागोही रंगभूमीवर आला. नाटकाला खलपुरुष लागतो. १७९५ च्या पुण्यात तशा भूमिकेला पात्र असा माणूस वाड्यात शोधूनही सापडत नाही, हीच या घटनेची खरी अडचण आहे.

उत्तरार्ध

धनी गेल्यानंतर नानांनी जो पहिला बेत आखला तो उद्बोधक आहे. यशोदाबाईंच्या मांडीवर भट घराण्यातील एखादे अल्पवयीन मूल दत्तक द्यावे आणि त्याच्या नावाने कारभार चालवावा, असा तो बेत होता. म्हणजे पुन्हा एक बालपेशवा, पुन्हा एक पालकत्व. बाजीरावाने शिंद्यांच्या कारभाऱ्यांशी संधान बांधून तो हाणून पाडला. नंतरच्या वर्षभरातील उलथापालथीत बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा यशोदाबाईंचा दत्तक पुत्र म्हणून काही महिने पेशवा झाला, नानांना कोकणात महाडकडे निघून जावे लागले, आणि डिसेंबर १७९६ मध्ये त्यांच्याच संमतीने बाजीराव गादीवर आला. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले.

राहता राहिल्या यशोदाबाई. अडीच वर्षांच्या संसारानंतर वैधव्य आलेल्या या मुलीला स्वतःचे राजकारण नव्हते. पण तिच्या दत्तकविधानाच्या हक्काची सर्वांनाच धास्ती होती. त्यामुळे तिला रायगडावर ठेवण्यात आले. सखारामबापूंनी जेथे अखेरचा श्वास घेतला त्याच गडावर, चौकीपहाऱ्यात, १८११ मध्ये तिचा मृत्यू झाला.